डोळ्यांसमोरची माशी

ताटात तांदूळ पसरलेले असतात. काळा खडा दिसतो म्हणून बोट पुढे जाते आणि खडा जरासा बाजूला सरकतो. पुन्हा बोट पुढे, पुन्हा खडा बाजूला. पुष्कळ घरांत या त्रासाची पहिली ओळख अशीच होते. कुणाला ती बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर होते, कुणाला गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडांवर, तर कुणाला मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर. माशी हाकलायला हात उठतो, पण माशी तिथे नसतेच. ती डोळ्याच्या आत असते.

डॉक्टर तिला 'फ्लोटर' म्हणतात, म्हणजे तरंगणारी. आपल्याकडे हे दिसणे काही आजकालचे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टीचे रोग सांगताना माशा, डास, केस आणि जाळी दिसण्याचा उल्लेख आला आहे. युरोपातल्या जुन्या वैद्यांनीही लॅटिनमध्ये 'उडत्या माशा' असेच नाव ठेवले होते. इतक्या दूरच्या माणसांना एकच उपमा सुचावी, याचा अर्थ माशी सगळीकडे सारखीच त्रास देते!

इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना ही माशी चोपन्नाव्या वर्षी दिसली. चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाचे उत्तर त्यांनी 12.5 असे वाचले, बरोबरची खूण केली आणि पान उलटताना लक्षात आले की दशांशचिन्ह त्यांच्याबरोबर पुढच्या पानावर आले आहे. मुलाने 125 लिहिले होते. त्यांनी चष्मा पुसला, डोळे धुतले, दिवा बदलून पाहिला. बिंदू गेला नाही. उलट संध्याकाळपर्यंत त्याच्या सोबतीला केसासारखी एक वाकडी रेघ आणि एक अर्धवट कडे आले. रात्री अंधारात कूस बदलताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखे झाले.

गणितात बिंदूला फार किंमत असते. बाईंची निवृत्तीला सहा वर्षे बाकी होती. पण त्यांना झोप लागली नाही ती नोकरीच्या काळजीने नव्हे. त्यांना आठवत होते आपले मामा.

मामांनाही असेच झाले होते. 'डोळ्यांसमोर काजळी पडतेय' असे ते म्हणत. घरातल्यांनी ठरवून टाकले की मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. मग एके दिवशी त्यांना खालच्या बाजूने काळा पडदा वर चढताना दिसू लागला. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे आणखी तीन आठवडे गेले. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा डोळ्याचा पडदा सुटून बराच काळ झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याला उजेड-अंधार यापलीकडे काही कळले नाही. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. मामा पुढे चहाचा कप नेहमी बशीच्या बाहेर ठेवत, हे त्या विसरल्या नव्हत्या.

'अहो, मला माशा दिसताहेत,' असे त्यांनी यजमानांना सकाळी सांगितले. यजमान म्हणाले, 'उन्हाचं असेल. डोळ्यांना काकडी लाव.' शेजारणीने त्रिफळ्याचे पाणी सुचवले, वहिनींनी फोनवरून रोज पाच बदाम. आजाऱ्यापेक्षा सल्ले देणाऱ्यांची संख्या जास्त असणे ही आपली जुनी रीत आहे. त्यात वाईट हेतू नसतो, पण वेळ जातो. बाईंच्या मुलीने मात्र काही न बोलता सुट्टी टाकली आणि त्याच दिवशी आईला नेत्रतज्ज्ञांकडे नेले.

तिथे बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून बसवले. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग धरले, बाईंना आडवे झोपवून वर, खाली, कडेला असे आठही दिशांना बघायला लावले. एका बोथट साधनाने पापणीवरून हलकेच दाबून पडद्याच्या कडा तपासल्या. दिव्याचा झोत सहन होत नव्हता, डोळ्यांत पाणी येत होते. पंधरा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, 'ताई, पडदा शाबूत आहे. कुठे छिद्र नाही. तुमचं दही सुटलंय, एवढंच.'

दह्याची ही उपमा अगदी चपखल आहे. डोळ्याच्या गोलाच्या आत, भिंग आणि दृष्टिपटल यांच्या मधल्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. त्यात नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. कोलॅजेनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायल्युरॉनिक आम्ल त्याला घट्टपणा देतात. घट्ट लागलेले दही काही वेळाने पाणी सोडते, तशी ही जेली वयाबरोबर पातळ होत जाते. धागे एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. उजेड आत आला की या पुंजक्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. म्हणजे दिसते ती माशी नव्हे, सावली. म्हणूनच ती पकडता येत नाही. डोळा फिरला की जेली मागून हेलकावते, तिच्याबरोबर सावलीही पळते आणि डोळा थांबला तरी ती थोडी पुढे वाहत राहते.

पुढे केव्हातरी ही आक्रसलेली जेली पडद्यापासून सुटी होते. बहुतेकांना हे पन्नाशीनंतर घडते. मोठ्या मायनस नंबरचा चष्मा असलेल्यांना, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा डोळ्याला मार लागलेल्यांना आधीही घडू शकते. सुटताना ती पडद्याला ओढते. पडद्याला वेदना कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. त्यामुळे ओढले की तो 'उजेड' असेच सांगतो. मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. पण थोड्यांच्या डोळ्यांत जेली सुटताना पडद्याला चिकटून राहते आणि तो फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरले की भिंतीचा ओला रंग पोपडा धरून सुटावा तसा पडदा सुटू लागतो. फट वेळेवर सापडली तर तिच्याभोवती लेसरचे ठिपके देऊन ती तिथेच बंद करता येते. बऱ्याच वेळा माणूस त्याच दिवशी घरी जातो. पडदा सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया लागते. एके काळी सुटलेला पडदा म्हणजे गेलेला डोळा, असेच समजत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले की मूळ दोष त्या फटीत आहे आणि ती बुजवली तर डोळा वाचतो. मामांचा काळ त्याच्या कितीतरी नंतरचा. उपाय होता, वेळ निघून गेली होती.

म्हणून एक गोष्ट येथे ठासून सांगायला हवी. एखाददुसरी माशी वर्षानुवर्षे तशीच असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे. पण माशांचा किंवा काजळीचा अचानक पाऊस पडू लागला, कोपऱ्यात विजा चमकू लागल्या, किंवा नजरेच्या कडेने पडदा सरकल्यासारखी सावली आली, तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाहुली मोठी करून डोळा तपासून घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी तर नव्या माशांना साधे समजूच नये. कित्येकदा तो डोळ्यात झालेला रक्तस्राव असतो. तपासणीला जाताना सोबत कुणीतरी हवे. थेंबांमुळे चार-सहा तास धूसर दिसते, तेव्हा स्वतः गाडी चालवू नये.

बाईंना डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले. औषध दिले नाही. माशा विरघळवणारा थेंब किंवा गोळी खात्रीची अशी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाईंना ते पटले, पण आवडले नाही. दवाखान्यातून चिठ्ठीशिवाय परत येणे आपल्याला जरा अपुरेच वाटते.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पडदा शाबूत असल्याचे कळूनही बाईंची भीती गेली नाही. सकाळी उठल्याबरोबर त्या बाथरूमच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहत. एक डोळा झाकून माशा मोजत, मग दुसरा डोळा. कडे कालच्यापेक्षा मोठे झाले का? रेघ नवी आहे का? शाळेत मधल्या सुट्टीत आभाळाकडे बघून पुन्हा मोजणी. निळ्या आभाळाकडे टक लावून पाहिले तर कुणालाही पळते पांढुरके ठिपके दिसतात. ते डोळ्याच्या रक्तवाहिन्यांतून धावणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे. बाईंनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि माशांत जमा धरले! दिवसातून वीस-पंचवीस वेळा ही हजेरी चाले. घरात कुणाला सांगावे तर इतरांना काही दिसत नाही. ताप थर्मामीटरवर दाखवता येतो, माशी कशी दाखवणार? यजमान एकदा म्हणाले, 'डॉक्टरांनी काही नाही म्हटलंय ना? मग आता मनातून काढ.' वाक्य बरोबर होते, पण त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. ज्याला दिसते त्याचा त्रास खरा असतो. काहींना यापायी नैराश्य येते, आणि ते मनाचे खेळ म्हणून उडवून लावणे बरोबर नाही.

सहा आठवड्यांनी बाईंनी हे सगळे डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोन कामे सांगितली. पहिले, दिसते ते आज कागदावर काढा, खाली तारीख घाला आणि कागद कपाटात ठेवा. पुन्हा महिन्याने काढा, मध्ये नाही. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या उजव्या डोळ्यात 1930 मध्ये रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांनीही डोळ्यासमोर तरंगणारे आकार रंगवून ठेवले होते. बाईंचे चित्र साधेच होते, एक बिंदू, एक रेघ, एक कडे. पण मोजणीला त्यामुळे जागा मिळाली. शंका आली की त्या म्हणत, एक तारखेला बघू.

दुसरे काम म्हणजे उजेडाची व्यवस्था. प्रखर, एकसारखा उजेड आणि पांढरी पार्श्वभूमी असली की बाहुली लहान होते आणि सावल्या रेखीव उठतात. बाईंनी टेबल खिडकीकडे पाठ येईल असे फिरवले. वर्गात पांढऱ्या फळ्याऐवजी जुना हिरवा फळा मागून घेतला. बाहेर पडताना गडद गॉगल, मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे. तांदूळ पितळी परातीत आणि तिन्हीसांजेच्या मऊ उजेडात निवडायचे. उत्तरपत्रिका तपासताना शंकास्पद बिंदू दिसला की नजर झटकन वर नेऊन खाली आणायची. माशी हलते, दशांशचिन्ह हलत नाही. मुलांना त्यांनी एवढेच सांगितले की दशांशचिन्ह ठळक काढा, नाहीतर गुण जातील. मुलांची अक्षरे त्या वर्षी सुधारली.

उरलेले काम मेंदूने केले. आपल्या प्रत्येकाच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे असते, त्याची सावली जन्मभर पडते आणि आपल्याला ती दिसत नाही. मेंदूला जे रोजचेच आहे ते तो गाळतो. माशा हलत्या असल्याने त्यांना गाळायला वेळ लागतो, कित्येकांना काही महिने. शिवाय काही पुंजके हळूहळू खाली बसतात, नजरेच्या वाटेतून बाजूला होतात. चौथ्या महिन्याच्या एक तारखेला बाईंना चित्र काढायचे आठवलेच नाही. पाच तारखेला कपाट आवरताना जुना कागद हाती लागला, तेव्हा त्यांनी मुद्दाम भिंतीकडे पाहिले. तिन्ही आकार होते तसेच होते.

सगळ्यांचे असे होत नाही. काहींच्या डोळ्यांत इतके गडद पुंजके राहतात की वाचन, गाडी चालवणे अवघड होते. त्यांच्यासाठी जेलीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास अमेरिकेत ती विकसित केली आणि पडद्याच्या अनेक गंभीर आजारांत ती आज वरदान ठरली आहे. पण तिच्यानंतर मोतीबिंदू लवकर येतो, क्वचित पडद्याला इजाही होते. म्हणून केवळ माशांसाठी ती करायला डॉक्टर सहजी तयार होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लेसरने पुंजके फोडण्याचाही उपाय आहे, पण त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. जाहिरात वाचून धावत जाण्याआधी पडद्याच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

दोन वर्षांनी, ऐन वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात, बाईंच्या डाव्या डोळ्यात वीज चमकली. हे होऊ शकते असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. एका डोळ्यात झाले की दुसऱ्यातही बहुधा होतेच. या वेळी त्यांनी कुणाचा सल्ला विचारला नाही. मुख्याध्यापकांना फोन केला, यजमानांना म्हणाल्या, 'चला, गाडी तुम्ही चालवायची आहे,' आणि दहा वाजता त्या दवाखान्यात होत्या. पुन्हा थेंब, पुन्हा दिव्याचा झोत, पुन्हा आठ दिशा. या वेळी वरच्या कडेला एक लहानशी फट निघाली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे लेसर केले. बाहेर बाकावर बसलेल्या यजमानांना ते काय आहे हे बाईंनीच, रंग सुटलेल्या भिंतीकडे बोट दाखवून, समजावून सांगितले. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्या आठवड्यात सहकारी शिक्षिकेने तपासला.