तासाभराची नळी

काचेची बारीक नळी, तीत सायट्रेट मिसळलेलं रक्त, आणि ती स्टँडमध्ये सरळ उभी. तासाभराने तांबडा स्तंभ खाली बसतो, वर पिवळसर नितळ द्रव उरतो. त्याची मिलिमीटरमधली उंची म्हणजे ईएसआर. वेस्टरग्रेन यांनी १९२१ साली मांडलेली ही पद्धत अजून चालते. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं, मग तांबड्या पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात आणि वजनाने लवकर तळाशी जातात. म्हणजे ही नळी दाहाचे रक्तात उमटलेले पडसाद मोजते. दाह नेमका कुठे आहे, हे तिला कळत नाही. रक्तक्षय, गरोदरपण, क्षयरोग, कशानेही तो आकडा चढतो. ताकायासू आर्टरायटिसमध्ये ही गोष्ट फार महागात पडते. जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं, त्यावरून या आजाराला हे नाव पडलं. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि मनगटावरची नाडी हरवते. रुग्ण बहुतेक तरुण स्त्रिया. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या फायलीत ईएसआरचा हाच आकडा साठत जातो आणि स्टेरॉइडची गोळी कमी करायची की वाढवायची, हे बरेचदा त्याच्याकडे बघून ठरतं.

माझं म्हणणं एवढंच, की नॉर्मल ईएसआर म्हणजे शांत झालेला आजार नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ६० रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. आजार जोरात असतानाही ईएसआर ७२ टक्के रुग्णांतच वाढलेला होता. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, आजार शांत समजून ज्यांची बायपास झाली, त्यांच्या रक्तवाहिन्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ४४ टक्के जणांत दाह चालूच होता. दाहाची दुसरी रक्तखूण असलेला सीआरपी लवकर चढतो-उतरतो, म्हणून तो बरा, असं कुणी म्हणेल. पण टोसिलिझुमॅब हे औषध सुरू असेल तर सीआरपी बनवायला लावणारा, आयएल-६ या रेणूचा निरोपच यकृतापर्यंत पोचत नाही. मग भिंतीत काहीही चाललं असो, सीआरपी खालीच राहतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतही तयार होणाऱ्या पेंट्रॅक्सिन-३ या प्रथिनाकडून मोठी आशा होती, पण सगळे अभ्यास एकमुखाने त्याच्या बाजूने बोलले नाहीत.

मग ईएसआरची तपासणी करायचीच कशाला? करायची, कारण ती स्वस्त आहे, गावोगावी होते, आणि एकाच रुग्णाचे आकडे ओळीने लावले तर बोलतात. आजार भडकला तेव्हा जिचा ईएसआर चढला आणि उपचाराने उतरला, तिच्या बाबतीत तो पुन्हा चढला तर कान टवकारायलाच हवेत. जिचा कधी चढलाच नव्हता, तिला मात्र नॉर्मल आकडा कसलाच दिलासा देत नाही. पेट स्कॅन किंवा एमआर अँजिओग्राफी दर महिन्याला परवडत नाही, हा आक्षेपही खराच. पण मधली जागा रिकामी नाही. भारतीय डॉक्टरांनी घडवलेली आयटॅस २०१० ही गुणपद्धती मुख्यतः लक्षणं आणि हाताने तपासून कळणाऱ्या खुणांवर उभी आहे: हरवलेली नाडी, दोन हातांच्या नाडीतला फरक, मानेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर येणारा सूं-सूं आवाज. ईएसआर-सीआरपीचे गुण त्यात वेगळे मिळवता येतात. दोन हातांच्या रक्तदाबातला फरकही अशीच हाताने कळणारी खूण, पण घाईच्या ओपीडीत रक्तदाबाचा पट्टा एकाच दंडाला बांधला जातो. दुसऱ्या दंडालाही तो बांधायला दोन मिनिटं लागतात, आणि पैसा एकही लागत नाही.