पंखांची घडी

सुरतेच्या मुलांना विमान दिसते ते डुमस रस्त्यावरील विमानतळाच्या काचेआडून. त्याच्या पोटाखाली उभे राहून प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून सुटीत गोव्याला निघालेल्या आप्तांना मी बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयाची वाट आवर्जून सांगतो. ते १९९८ साली उघडले. ते नौदलाचे असले, तरी आपल्या लेकरांना मराठीत समजावून देणारे बिनपगारी सेवक आपणच!

तेथे ‘सी हॉक’ हे लढाऊ जेट आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून झेपावलेल्या सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले चढविले, हे थोरांना आठवते. मुलांना कुतूहल असते ते पंख दुमडण्याचे. ते कापडबाजारात वाढलेल्यांना चटकन उमगते: जहाजाच्या पोटातील कोठार अपुरे, तेव्हा घडी घालणे आलेच. शेपटाकडचा आकडा डेकवरील आडव्या तारेत अडकतो आणि विमान थांबते. ‘आकडा’ म्हणताच पोरे पाढ्यांची आठवण काढून हसतात. गुजरातीतही या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत.

विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. पुढे मुंबईत काही वर्षे तीही संग्रहालय होती, आपल्यापैकी कित्येकांनी तिच्यावर पाऊल ठेवले असेल. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिची लांबी सुमारे ७०० फूट. नातवंडांना ती कळावी म्हणून मी आमच्या गल्लीत पावले मोजून दाखवितो. गल्ली संपते, जहाज संपत नाही.