पूर्ण एक मिनिट

लेकराचा श्वास कसा बघायचा, हे मला सौंसरात एका सिस्टरबाईंनी शिकवलं. त्यांचं ऋण माझ्याकडून फिटलेलं नाही.

मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. संत्र्याची तोड सुरू होती, घरचे सगळे बगिच्यात. लसीकरणाला आलेल्या सिस्टरबाईंनी खोकला ऐकला आणि कपाळाला हात लावण्याआधी त्याचं झबलं वर केलं. "रडून राहिला आहे, आत्ता मोजून उपयोग नाही. पाज त्याला." तो निवल्यावर घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजलं. श्वास पन्नासाच्या बरेच पुढे होते, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. "ताई, आजच नागपूर." त्या स्वतः सोबत आल्या.

वाटेत त्यांनीच समजावलं. तान्ह्याच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात, त्या आपल्यासारख्या वर उचलल्या जात नाहीत. सारा भार छाती-पोटामधल्या पडद्यावर. फुप्फुस कडक झालं की पडदा जोर लावतो आणि मऊ छाती आत बसते. मुलगा कण्हत होता, तेही उगाच नव्हतं. श्वास सोडताना गळा आवळून तो फुप्फुसातले फुगे मिटू देत नव्हता.

अतिदक्षता विभागात मी मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यालाच चिकटले. त्या म्हणाल्या, "ऑक्सिजन लावल्यावर तो आकडा चांगलाच दिसतो. तू पोट बघ. श्वास मंदावले आणि लेकरू मलूल पडलं, तर ते बरं होणं नाही, थकणं आहे. लगेच हाक मार." त्या रात्री मी पोटावरून नजर हलवली नाही. मुलगा बरा झाला.

पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाबद्दल वाचलं. तिथे गावातल्या माणसांनी, निरक्षर दायांनीही, श्वासावरून न्यूमोनिया ओळखून औषध दिलं. दायांना मोजता यावं म्हणून मण्यांचं साधन बनवलं होतं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५, या गावांत ८.१. वाचताना मला सिस्टरबाईंचं घड्याळच दिसत होतं.

त्या बदलून गेल्या, पत्ता राहिला नाही. पांढुर्ण्याच्या भाचीला मी मिनिटाच्या श्वासांचे आकडे पाठ करायला लावलेत, त्यांचं नाव सांगून: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे भरले की दवाखाना.