फडताळाचा रंग

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सागाची वाण नाही. म्हणून घाटंजीतील जुन्या घरांत सागवानी फडताळे अजूनही दृष्टीस पडतात. आमच्या स्वयंपाकघरातही असे एक आहे. आई त्यात लोणच्याच्या बरण्या व पिठामिठाचे डबे ठेवीत असे. तिला संतोष वाटावा म्हणून एका नाताळच्या सुटीत मी स्वतःच त्यास रंग देण्याचे मनात आणिले. फडक्याने धूळ झटकली आणि एकाच दिवसात जाड रंगाचे दोन हात देऊन मोकळा झालो. फडताळ आरशासारखे चकाकू लागले! परंतु उन्हाळा लागतो न लागतो तोच मुठीभोवती रंगाचे पापुद्रे सुटू लागले. आई काही बोलली नाही; रोज ते मुकाट्याने झाडून काढी. तिच्या मौनाने मला अधिकच लाज वाटे.

त्याच सुमारास माझ्या वर्गातील एक विद्यार्थी वह्या पोचविण्यास घरी आला. त्याचे वडील रंगकाम करीत. त्यांना मदत करण्यासाठी तो कधी कधी शाळा बुडवी, व त्याबद्दल मी त्यास सर्वांदेखत कठोर बोललो होतो. फडताळावरून बोट फिरवून तो भीत भीत म्हणाला, "सर, रंग वाईट नाही. पण तो लाकडाला लागलाच नाही. तेलकट मळाला लागला."

पुढील सुटीत तो सांगे व मी करी. दारे, मुठी व बिजागऱ्या काढल्या. ऊन पाण्यात धुण्याचा सोडा घालून फोडणीचा चिकटा व धुराची काजळी धुतली. मग स्वच्छ पाण्याने पुसून दोन दिवस सावलीत वाळू दिले. सुटलेला रंग पाणी लावून घासकागदाने घासला. जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ मुलांस फार अपायकारक. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला व २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाविषयी विशेष सावध असावे.

भेगा लांबी भरून बुजविल्या. सागात स्वाभाविक तेल असते. ज्या तेलामुळे तो वाळवीस सहसा दाद देत नाही, तेच तेल रंगासही दूर ठेविते. म्हणून चूल विझवून, खिडक्या उघडून, उघड्या लाकडावर टर्पेंटाइनचे फडके फिरविले व मगच अस्तर दिले. त्यावर रंगाचे दोन पातळ हात दिले व मध्ये एक दिवस जाऊ दिला. तैलरंग पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन तो घट्ट होतो. थर जाड असला की वर साय धरते आणि आत ओल राहते. डबेही पंधरा दिवसांनीच मांडले.

सुटी संपल्यावर मी वर्गासमोर माझे कठोर शब्द परत घेतले, आणि त्याचे बुडालेले धडे सायंकाळी शिकवू लागलो. परीक्षा जवळ येताच कच्च्या पायावर पाठांतराचे जाड हात देण्याची माझी सवयही तेव्हापासून सुटली.

आई आता नाही. तिच्या हाताचा स्पर्श झालेला तो रंग मात्र अद्याप टिकून आहे.