दावणीबाहेरचा शब्द

अकोला,
पोळ्याची कर

चि. बाईस,


परवा रात्री तू फोनवर ‘मॅव्हरिक’ला मराठी शब्द विचारलास आणि मी पटकन ‘मोकाट’ म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यापासून ती चूक टोचते आहे. काल पोळ्याला गावी गेलो होतो. तोरणाखाली जेमतेम अकरा जोड्या होत्या. त्यांच्याकडे बघत उभा असतानाही डोक्यात तुझाच शब्द. तू ‘मोकाट’ अनुवादात घातला असशील, तर आधी काढून टाक.

‘मॅव्हरिक’ हे मुळात एका माणसाचं आडनाव. सॅम्युएल मॅव्हरिक हा टेक्सासातला वकील, जन्म 1803चा. 1840च्या दशकात कुणीतरी त्याचं बाराशे डॉलरचं देणं चारशे जनावरं देऊन फेडलं. वकिलाचा जीव जमिनींच्या व्यवहारात, ढोरांत नाही. ती समुद्रकाठी तशीच चरत राहिली, वासरं होत गेली, आणि त्यांना कुणी डागलं नाही. तिकडच्या माळांना तेव्हा कुंपण नव्हतं. हजारो ढोरं एकमेकांत मिसळायची, त्यामुळे तापल्या लोखंडानं उठवलेली मालकाची खूण हाच त्यांचा सातबारा. बिनडागी वासरू दिसलं की लोक म्हणायचे, मॅव्हरिकचं असेल. पुढे अशा कुठल्याही वासराला तेच नाव पडलं. 1867पर्यंत ते छापूनही यायला लागलं होतं. असं वासरू गाठून त्यावर आपला डाग उठवायचा आणि घरी न्यायचं, या उद्योगालाही तिकडे हाच शब्द क्रियापद करून वापरत. तिथून तो माणसांवर आला. पक्षात राहून पक्षाचं न ऐकणारा पुढारी मॅव्हरिक, रुळलेली वाट सोडून धंदा करणारा मॅव्हरिक, ‘टॉप गन’मधला तो वैमानिकही मॅव्हरिकच. या वापरात थोडं कौतुक असतं, थोडी धास्ती असते.

आता आपल्याकडचं बघ. माझ्या लहानपणी सकाळी सगळ्या गावाची ढोरं आखरावर जमायची. तिथून गायकी त्यांना ई-क्लासवर न्यायचा. ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. इंग्रजांच्या जमाबंदीतलं ते अक्षर वऱ्हाडात निरक्षर गायक्याच्याही तोंडी होतं आणि आजही आहे. दोनेकशे ढोरांत एकाच्याही अंगावर मालकाची खूण नसायची. तरी दिवेलागणीला प्रत्येक गाय बरोबर आपल्या दारात वळायची. एकदा आमचा गोऱ्हा चुकला. तीन दिवसांनी गायक्यानं तो दुसऱ्या गावच्या कळपात, पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून, नुसती चाल पाहून ओळखला. शिंगांचा बाक, शेपटीचा गोंडा, कपाळावरची चांदी, एवढं त्याला पुरे. डाग आपल्याकडेही द्यायचे, पण औषध म्हणून. बैल लंगडायला लागला की डाग. जनावराच्या अंगावरचा डाग पाहून त्याचं दुखणं कळायचं, धनी नाही. ओळखायला माणूस होता, म्हणून लोखंड लागत नव्हतं, असं मला वाटतं.

याला एक अपवाद होता आणि त्यानंच माझी झोप उडवली. मेलेल्या माणसाच्या नावानं गोऱ्हा सोडायची जुनी रीत आहे. शास्त्रात तिला वृषोत्सर्ग म्हणतात. त्या गोऱ्ह्याच्या एका अंगावर त्रिशूळ, दुसऱ्या अंगावर चक्र डागायचं आणि दावं सोडून द्यायचं. तो मग कुणाच्याही वावरात तोंड घालो, लोक हाकलतील पण बांधणार नाहीत. 1880च्या दशकात असा एक सांड चोरल्याचा खटला अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेला. सोडलेल्या सांडावर कुणाचीच मालकी नसते, म्हणून ही कायद्यातली चोरीच होत नाही, असा निकाल लागला. म्हणजे बघ, टेक्सासात डाग नसलेलं जनावर बिनमालकीचं आणि आपल्याकडे डागलेलं जनावर बिनमालकीचं! तिकडे डाग बांधतो, इकडे सोडतो. एका मुलखाचा शब्द दुसऱ्यात नुसता उचलून का ठेवता येत नाही, हे मला या एका त्रिशुळानं जेवढं कळलं तेवढं शाळेत पोरांना व्याकरण शिकवताना कधी कळलं नव्हतं.

‘मोकाट’ तर याहून वेगळा शब्द. अकोल्याच्या रस्त्यांवर रात्री गायी बसलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी जणींच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला असतो. लस आणि रोगाची नोंद ठेवायला तो हवाच. 2024पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीलाही बंदी घातली आहे. म्हणजे या गायींना नंबर आहे, धनीही आहे, फक्त त्यानं दूध आटल्यावर दार लावून घेतलं आहे. मोकाट म्हणजे ज्याची काळजी कुणी घेत नाही ते. त्याच्यासाठी 1871च्या कायद्यातला कोंडवाडा आहे. मॅव्हरिकला कोंडवाडा नाही.

आणि आणखी एक, जे तुला कधी सांगितलं नाही. तुझी आई बारावीनंतर शिकायला एकटी अमरावतीला गेली, तेव्हा नात्यातल्या एकानं भर पंगतीत म्हटलं होतं, “पोरगी मोकाट सुटली.” मी तिथे होतो. वाढत होतो. माझा हात थांबला, पण तोंडातून शब्द निघाला नाही. त्या मुलीला पाच रुपये खर्चाचाही हिशेब वडिलांना लिहून पाठवायची सवय होती. तिच्यावर तो शब्द बसतच नव्हता, तरी तो बरीच वर्षं तिच्यामागे फिरला. परवा तोच शब्द मी तुला दिला.

मग मॅव्हरिक आपल्यात कोण, असं शोधताना मला गाडगेबाबा आठवले. 1876मध्ये अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्म, आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. तिथे डेबूजी, म्हणजे लहानपणीचे गाडगेबाबा, ढोरंच राखत होते. 1905मध्ये घर सोडलं. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र तिथल्या छपराखाली सुखानं राहिले नाहीत. गुरू केला नाही, शिष्य केला नाही, पाया पडू दिलं नाही. कुठला मठ, कुठला पंथ त्यांना आपला म्हणू शकला नाही. 20 डिसेंबर 1956ला ते गेले, तेही गाडीत, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेवरच. त्यांना मोकाट म्हणायला कुणाची जीभ रेटेल का? हातातल्या फुटक्या गाडग्यावरून लोकांनीच त्यांना नाव दिलं. मला ती खूण त्या सोडलेल्या सांडाच्या त्रिशुळासारखी वाटते: दुरूनच कळावं की हा सगळ्यांचा आहे आणि कुणाच्या गोठ्यातला नाही.

‘बंडखोर’ही घालू नकोस. बंडखोराला समोर राजा लागतो. ‘मनस्वी’ जवळ जातो, पण त्याला शेणामातीचा वास नाही. आपल्याकडे राजकारणातसुद्धा म्हणतात ना, हा कुणाच्या दावणीला बांधलेला नाही? माझ्या मते तेच घे. एका शब्दाचे चार झाले तरी चालतील. दावण जनावराची आहे, आणि बांधलेला नाही म्हटल्यावर सोडलेला, टाकलेला असा अर्थही निघत नाही.

तरी घाई करू नकोस. ज्या वाक्यात तो शब्द आला आहे ते अख्खं वाक्य, मागचं-पुढचं एकेक धरून, लिहून पाठव. सुटा शब्द ऐकून उत्तर दिलं, तिथंच माझं चुकलं. आणि आईला हे पत्र वाचून दाखव. पंगतीचा भागही.

तुझा,
मामा