रावस, बाडस आणि साल्मन

नाव हे वस्तूचे वर्णन असते, असे आपण सहसा समजतो. पुष्कळदा ते वस्तूपेक्षा नाव ठेवणाऱ्याचेच वर्णन अधिक करते. मोठ्या उपाहारगृहांच्या पदार्थयादीत आणि गोठवलेल्या मासळीच्या पाकिटांवर आढळणारे 'इंडियन साल्मन' हे नाव याचा उत्तम नमुना आहे. कोकण किनाऱ्यावर ज्याला पिढ्यान्‌पिढ्या रावस म्हणतात, त्याच माशाचे हे दुसरे नाव. आम्हा भोपाळकर मराठी मंडळींपैकी अनेकांची मुळे नागपूर, विदर्भ, ग्वाल्हेर, इंदूर अशा समुद्रापासून दूरच्या मुलखातली. त्यामुळे रावस आमच्या ओळखीचा झाला तो बहुधा मुंबईकर नातलगांच्या तोंडून. तरीही हा प्रश्न आमचाच आहे, कारण तो माशांचा जितका, तितकाच परमुलखात येऊन राहिलेल्यांच्या भाषेचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. खरा साल्मन थंड पाण्याचा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्याची वेळ आली की प्रवाहाविरुद्ध उड्या घेत जन्मनदीकडे परततो. त्याच्या लॅटिन नावाचा संबंध काही अभ्यासक उडी मारण्याच्या क्रियेशी जोडतात, तो यामुळेच. रावसाचे कूळ सर्वस्वी वेगळे. तो उष्ण किनाऱ्याचा आणि खाड्यांचा रहिवासी. छातीच्या परांखाली त्याला चार सुटे तंतू असतात आणि गढूळ पाण्यात त्यांनी चाचपून तो भक्ष्य शोधतो. १८०४ साली जॉर्ज शॉ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा नावात 'चार बोटांचा' या अर्थाचा ग्रीक शब्द घातला. रावसाचाच एक भाऊबंद बंगालच्या खाड्यांत मिळतो. त्याचे लांब तंतू तेथील लोकांना तपस्व्याच्या जटांसारखे वाटले आणि त्यांनी त्याला 'तपसे' म्हटले. माशाकडे नीट पाहून ठेवलेले नाव असे असते.

मग साल्मन कोठून आला? तो इंग्रजांच्या आठवणीतून आला. येथे आलेल्या साहेबाला ताटातला रावस चवदार वाटला आणि घरच्या उत्तम माशाचे नाव त्याने त्याला देऊन टाकले. एवढ्यावर तो थांबला नाही. नर्मदेसारख्या नद्यांतील महसीर गळाला लागला की जी झुंज देतो, ती पाहून इंग्रज शिकाऱ्यांना पुन्हा साल्मनच आठवला. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात महसीर साल्मनच्या तोडीचा, किंबहुना सरस ठरवला. त्यालाही 'इंडियन साल्मन' म्हटले जाऊ लागले. वास्तविक महसीर हा रोहू-कटल्याच्या कुळातला. अशा रीतीने एक खाडीचा आणि एक नदीचा, एकमेकांशी काडीचे नाते नसलेले दोन मासे एका परक्या नावाखाली येऊन बसले.

याबद्दल साहेबाला हसणे सोपे आहे. पण आम्ही हसू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. नव्या गावात जुन्या गावाच्या खुणा शोधणे हा माणसाचा धर्मच आहे. मात्र आमच्या घरांत एक गोष्ट निराळी घडली. बाजारात आम्ही 'गिलकी' मागतो आणि घरी भजी होतात ती घोसाळ्याची. दोन्ही शब्द एकाच पिशवीतून येतात. एकाने दुसऱ्याला हुसकावलेले नाही. साहेबाच्या नावापाशी सत्ता होती, छापखाना होता; आज बाजार आहे. म्हणून ते नाव शेजारी बसत नाही, जागाच घेते.

जागा घेतल्याने काय बिघडते? एक तर ज्ञान बिघडते. साल्मनच्या केशरी मांसाची आणि त्यातील तेलाची जी कीर्ती गाजते, ती फिकट मांसाच्या रावसाला नावाच्या जोरावर बहाल होते आणि रावसाचे स्वतःचे गुण कोणी विचारीत नाही. दुसरे अधिक गंभीर आहे. नर्मदाकाठचे लोक महसीरला बाडस म्हणतात. २०११ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यमत्स्य ठरवले. वाहते, खडकाळ पाणी ही त्याची गरज. धरणांनी नर्मदेचे लांबलांब पट्टे संथ जलाशय करून टाकले आणि तो दुर्मिळ झाला. बाडस हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना तो कोणत्या डोहात असे हेही ठाऊक असते. शब्द गेला की डोहाची आठवणही जाते.

महसीर या शब्दाची फोड कोणी 'महाशीर्ष' अशी करतात, तर कोणी फारसीतील माही म्हणजे मासा, आणि शेर, अशी. खरी कोणती, हा वाद मिटलेला नाही; पण राजा भोजाचा तलाव आणि नवाबांच्या मशिदी शेजारी नांदणाऱ्या आमच्या शहराला दोन्ही फोडी सारख्याच शोभतात.

साल्मन जन्मनदीकडे परततो. हे नाव ठेवणारेही १९४७ नंतर आपापल्या नद्यांकडे परतले. आम्ही परतलो नाही. आमची तिसरी-चौथी पिढी येथेच वाढते आहे. म्हणून आमच्यावर दुहेरी जबाबदारी आहे. नातवंडांना रावस हा शब्द सांगावा, कारण तो आमच्या भाषेचा. आणि बाडसही सांगावा, कारण तो आमच्या नदीचा. ज्या घरांत मासे शिजत नाहीत, त्यांनीही सांगावा. साल्मनला त्याच्या थंड नद्यांत सुखाने राहू द्यावे.