आधी पाणी कोणाला?

कोकणात लोखंडाला गंज खातो, वाळवंटात त्याला धूळ खाते. या दोन शत्रूंशी झुंजण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. आम्ही म्हणजे रत्नागिरीचे दोघे भाऊ आणि आमच्याच वाडीतील दोन मित्र. ऐंशीच्या दशकात आम्ही चौघे कुवेतमधील एका गॅरेजात मेकॅनिक होतो. त्या काळी आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांचे चिरे आखातातील कमाईवर चढले; आमच्याही घराचे चढले.

गॅरेजात जपानहून आलेल्या टोयोटा लँड क्रूझर गाड्या पुष्कळ येत. १९८४ साली बाजारात आलेल्या सत्तर मालिकेतील गाडीचे तर मालक मंडळींना फार कौतुक. ही गाडी मोडतच नाही, असे ते अभिमानाने सांगत. ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू, कारण ती मोडू नये म्हणून सकाळपासून कोण राबत असते, हे आम्हांला ठाऊक होते.

उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल वारा सुटला, की पिठासारखी बारीक धूळ आसमंत व्यापून टाकी. इंजिनाला हवा लागते आणि हवेबरोबर धूळही आत शिरू पाहते. ती तेलात मिसळली, म्हणजे व्हॉल्व्ह घासण्याच्या लेपासारखी सिलिंडर आणि रिंगा झिजवीत राहते. म्हणून एअर फिल्टरची निगा हे पहिले व्रत. त्याचा कागद हलक्या हवेने आतून बाहेर फुंकायचा. बाहेरून फुंकला तर धूळ कागदात रुतते. हवेचा जोर जास्त झाला तर कागद फाटतो, आणि मग फिल्टर असून नसून सारखाच.

दुसरे व्रत पाण्याचे. रेडिएटरच्या पात्यांत अडकलेली धूळ आणि किडे इंजिनाच्या बाजूने हवा मारून बाहेर काढावे लागत. आत नुसते पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घालायचे. त्याने आतला गंज टळतो, आणि झाकणाच्या दाबामुळे ते पाणी शंभर अंशांच्या बरेच पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधी उघडू नये. दाब सुटताक्षणी उकळते पाणी तोंडावर येते.

ही विद्या जुनी आहे. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या नेल्या. रेडिएटरमधून निघणारी वाफ तो नळीने पाण्याच्या डब्यात सोडी. तेथे तिचे पाणी होई, आणि इंजिन थंडावले की ते आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. आजच्या गाडीतील कूलंटची बाटली याच तत्त्वावर चालते. वाळूत शिरताना टायरमधील हवा कमी करण्याची युक्तीही त्याने वापरली. आम्हीही पस्तीस पौंडांची हवा पंधरा-अठरावर आणत असू, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मात्र डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर मऊ टायर तापून फुटतो.

किनाऱ्याजवळच्या खारट जमिनीला तिकडे सबखा म्हणतात. त्या चिखलातून आलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुण्यात आम्हां रत्नागिरीकरांचा हातखंडा होता. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज कसे पोखरले जातात, हे लहानपणापासून पाहिलेल्यांना मिठाची करणी वेगळी शिकवावी लागत नाही.

गाडीची एवढी काळजी घेणारे आम्ही स्वतःची मात्र घेत नसू. १९८८ च्या जुलैत भर दुपारी उघड्या अंगणात काम करताना आमच्यातील एक मित्र असंबद्ध बोलू लागला. अंग भट्टीसारखे तापलेले, आणि घाम मात्र थांबलेला. पेशावरकडच्या उस्तादांनी त्याला सावलीत ओढले, कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतून पंखा लावला, मानेशी आणि काखेत बर्फ ठेवला, आणि आम्ही त्याला इस्पितळात नेले. तो वाचला, पण ते दोन दिवस आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांलाच ठाऊक. त्याच्या आईला पत्रात काय लिहावे, हे चौघांपैकी उरलेल्या तिघांना सुचत नव्हते. त्यानंतर उस्तादांनी नियम घातला, "पहिले आदमी, फिर गाडी." सकाळी रेडिएटर भरण्यापूर्वी प्रत्येकाने पाणी प्यायचे, आणि दुपारी अंगणातले काम बंद. मालकाने थोडी कुरकुर केली. उस्ताद बधले नाहीत.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि आमचा तेथील संसार आटोपला. अम्मानहून विमानाने मायदेशी आणलेल्या लाखाहून अधिक भारतीयांत आम्हीही होतो.

त्याच कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आता तेथे जून ते ऑगस्ट या महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करण्यास सरकारी बंदी आहे. आमच्या उस्तादांचा नियम उशिरा का होईना, कायद्यात उतरला, याचे समाधान वाटते.

आपल्या घरांतील जी मुले आजही आखाती देशांत कामाला निघतात, त्यांना फिल्टर कसा फुंकावा हे तेथील फोरमन शिकवीलच. आमचे सांगणे निराळे आहे. गाडी तापली की काटा वर चढतो आणि चालक थांबतो. माणसाला असा काटा नसतो, आणि डोके तापले की ते त्याचे त्याला कळतही नाही. शेजारी काम करणाऱ्यालाच ते दिसते. म्हणून हातातला पाना अधूनमधून खाली ठेवून शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत जा. आणि पाण्याची बाटली आधी त्याच्यापुढे करा.